पूर्णान्नाचा शोध

मनुष्याच्या आयुष्यातील कितीतरी काळ अन्न मिळविण्यात, शिजविण्यात आणि खाण्यात जातो. शेत नांगरावे, पेरावे, राखावे. धान्य निवडावे, दळावे. चूल पेटवावी, भाकरी थापावी. आणि एवढे सारे करूनही चार-सहा तासांनी भूक पुन्हा दारात उभीच! या नित्याच्या श्रमातून सुटका व्हावी, मूठभर चूर्णाने किंवा एखाद्या गोळीने दिवसाची भूक भागावी, ही कल्पना माणसाला फार दिवसांपासून मोह घालीत आली आहे. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राची झपाट्याने प्रगती झाली, तेव्हा ही कल्पना लवकरच प्रत्यक्षात उतरेल असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटू लागले. फ्रान्समधील विख्यात रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बेर्तेलो यांनी १८९४ साली पॅरिस येथे रासायनिक उद्योगातील मंडळींपुढे भाषण करताना इ. स. २००० मधील जगाचे चित्र रंगविले. त्या वेळी शेते नसतील, कुरणे नसतील, गुरे पाळावी लागणार नाहीत. प्रत्येक जण आपल्यापुरती नत्रयुक्त पदार्थाची वडी, स्निग्ध पदार्थाचा लहानसा गोळा आणि पिष्टाचा किंवा साखरेचा तुकडा जवळ बाळगील. हे सारे अन्न कारखान्यांतून अमाप निघेल, असे भाकीत त्यांनी केले.

इ. स. २००० हे वर्ष केव्हाच मागे पडले. शेते आजही पिकत आहेत, गुरे चरत आहेत, आणि पुष्कळ घरांत चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली तरी तव्यावरची पोळी काही सुटलेली नाही. बेर्तेलो हे काही स्वप्नाळू गृहस्थ नव्हते. आपल्या विद्येत ते निष्णात होते. तरीही त्यांचे गणित चुकले. ते कोठे चुकले याचे उत्तर त्यांच्याच शहराच्या इतिहासात, त्या भाषणापूर्वीच लिहून ठेवलेले होते.

१८७० च्या सप्टेंबर महिन्यात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. तो १८७१ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीपर्यंत टिकला. शहरात येणारे अन्नधान्य बंद झाले. मोठी माणसे मिळेल ते खाऊन दिवस कंठू लागली. परंतु तान्ह्या मुलांचे काय? गाई नाहीत, म्हणून दूध नाही. आणि दूध नाही म्हणून मुले दगावू लागली. शहरात नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. दुधात पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, साखर आणि क्षार असतात, हे पृथक्करणाने त्यांना ठाऊक झालेले होते. तेव्हा प्रथिनयुक्त गोड द्रवात चरबी घुसळून दुधासारखे पेय तयार करावे, असा उपाय पुढे आला. पेय तयार झाले. दिसावयासही ते दुधासारखे होते. परंतु त्यावर मुले पोसली जाईनात.

झाँ-बाप्तिस्त द्यूमा हे वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञ त्या वेळी पॅरिसमध्येच होते. वेढा उठल्यावर १८७१ साली त्यांनी या अनुभवाविषयी एक निबंध लिहिला. दुधातील सर्व आवश्यक घटक रसायनशास्त्राला कळले आहेत, असे कोणत्याही प्रामाणिक शास्त्रज्ञाला म्हणता येणार नाही. म्हणून दुधाची नक्कल करू पाहणाऱ्यांनी सावध असावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पृथक्करणात जे सापडत नाही ते नाहीच असे समजणे हा केवढा धोका आहे, हे पॅरिसच्या बालकांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन दाखविले होते.

द्यूमा यांचा हा इशारा पुढे प्रयोगाने खरा ठरला. १८८० च्या सुमारास दोर्पात येथील विद्यापीठात गुस्ताव्ह बुंगे यांच्या हाताखाली निकोलाय लुनिन हा तरुण संशोधन करीत होता. दोर्पात म्हणजेच आजच्या एस्टोनिया देशातील तार्तू हे शहर. लुनिनने उंदरांचे दोन गट केले. एका गटाला त्याने नुसते दूध दिले. दुसऱ्याला दुधातील प्रथिन, स्निग्ध पदार्थ, साखर आणि क्षार हे सर्व शुद्ध स्वरूपात, दुधातल्याच प्रमाणात एकत्र करून दिले. कागदावर पाहता दोन्ही अन्ने सारखीच होती. तथापि दूध पिणारे उंदीर खुशाल वाढले आणि शुद्ध मिश्रण खाणारे उंदीर सुमारे महिनाभरात मरून गेले. दुधात या ज्ञात पदार्थांवाचून आणखी काहीतरी असले पाहिजे व ते जगण्यास अवश्य असले पाहिजे, असे अनुमान लुनिनने काढले. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

पुढील धागा डचांच्या ताब्यातील जावा बेटावर सापडला. तेथे ‘बेरीबेरी’ नावाच्या रोगाने माणसे हैराण झाली होती. हातापायांतील बळ जाई, अंगावर सूज येई आणि शेवटी हृदय बंद पडे. क्रिस्तियान आइकमान या डॉक्टरला १८९० च्या सुमारास असे आढळले की, प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच रोग होतो आणि काही दिवसांनी तो आपोआप बरा होतो. शोध घेता कळले की, मधल्या काळात त्या कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा सडीक भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. सरकारी भात कोंबड्यांना देण्याचे त्याने नाकारले. त्यांच्या वाट्याला पुन्हा साधा, असडीक तांदूळ आला आणि त्या बऱ्या झाल्या! तांदूळ शुभ्र दिसावा म्हणून जो कोंडा काढून टाकीत, त्यातच जीवनाचा एक आधार होता. पांढऱ्या भातात विष असावे व कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, असा आइकमान यांचा प्रथम समज झाला. १९०१ साली त्यांचे सहकारी ग्रेन्स यांनी खरा अर्थ सांगितला : रोगाचे कारण अन्नात असलेल्या वस्तूत नसून, त्यात नसलेल्या वस्तूत आहे.

१९१२ साली इंग्लंडमधील फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी आपल्या प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली. उंदरांच्या पिलांना शुद्ध प्रथिन, पिष्ट, साखर, चरबी व क्षार दिले असता त्यांची वाढ थांबे. परंतु त्यातच रोज चहाच्या चमच्याहूनही कमी दूध मिसळले की ती झपाट्याने वाढू लागत. अठराव्या दिवशी हॉपकिन्स यांनी गटांची अदलाबदल केली. ज्यांचे दूध तोडले त्यांची वाढ खुंटली आणि ज्यांना ते नव्याने मिळाले त्यांची वाढ सुरू झाली. एवढ्याशा दुधाने अन्नाच्या एकंदर वजनात किंवा उष्मांकांत म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता. फरक होता तो अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या काही द्रव्यांचा. त्याच वर्षी कॅसिमिर फुंक यांनी या द्रव्यांना जे नाव सुचविले, त्यावरून ‘व्हिटॅमिन’ हा शब्द रूढ झाला. मराठीत त्यांना आपण जीवनसत्त्वे म्हणतो. आइकमान आणि हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुढे एकामागून एक जीवनसत्त्वे हाती लागली. १९४८ साली ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले आणि यादी पुरी झाल्यासारखी वाटली.

यादी हाती आली म्हणजे त्याबरहुकूम अन्न तयार करणे शक्य झाले. ही गोष्ट केवळ हौसेची नव्हती. कित्येकांच्या जीविताचा प्रश्न तीवर अवलंबून होता. ज्याचे आतडे निकामी झाले आहे, अशा रोग्यापुढे पंचपक्वान्नांचे ताट वाढले तरी त्याचा काय उपयोग? अमेरिकेतील स्टॅन्ले ड्यूड्रिक या शल्यचिकित्सकाने १९६० नंतरच्या दशकात या प्रश्नाला हात घातला. साखर, प्रथिनांचे घटक, क्षार आणि जीवनसत्त्वे यांचा द्रव त्याने हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून कुत्र्यांच्या पिलांना दिला. तोंडाने घासही न खाता ती पिले आपल्या भावंडांप्रमाणे वाढली. त्यानंतर फिलाडेल्फिया येथे जवळजवळ सगळे लहान आतडे बंद असलेल्या एका नवजात मुलीला असे अन्न देण्यात आले. ती खंगत चालली होती. या द्रवाने तिचे वजन वाढले, उंची वाढली. पुढे ते मूल वाचू शकले नाही; परंतु तिच्यावरील उपचारांनी जो मार्ग खुला झाला, त्याने नंतर असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले आहेत. बेर्तेलो यांचे स्वप्न रुग्णालयातील खाटेवर अशा रीतीने खरे झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु तेथेही निसर्गाने आपली जुनी अट सोडली नाही. जे रोगी महिनोन् महिने केवळ या द्रवावर जगू लागले, त्यांच्यापैकी काहींच्या त्वचेवर चट्टे उठू लागले व केस गळू लागले. द्रवात जस्ताचा अंश नव्हता, हे मागाहून लक्षात आले. १९७९ साली न्यूझीलंडमधील एका रोग्याचे स्नायू इतके दुखू लागले की त्याला चालणे कठीण झाले. सेलेनियम नावाचे मूलद्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात देताच त्याला आराम पडला. माणसाला सेलेनियमची गरज असते, याचा हा ठळक पुरावाच ठरला. जेवणाऱ्या माणसाला हे पदार्थ धान्यातून, डाळींतून, अंड्या-मासळीतून नकळत मिळत राहतात. त्याला त्यांची नावे ठाऊक नसली तरी चालते. ज्याचे सारे अन्न एकाच बाटलीतून येते, त्याला मात्र यादीतील एका नावाची चूकही सोसत नाही.

ही गोष्ट तान्ह्या मुलांच्या बाबतीत फार कठोरपणे प्रत्ययास आली. १९७८ साली अमेरिकेतील एका कंपनीने सोयाबीनपासून केलेल्या आपल्या बालान्नात मीठ घालण्याचे बंद केले. मीठ कमी असावे, हा विचार वरवर पाहता चांगलाच होता. परंतु मिठाबरोबर क्लोराइडही गेले. मोठ्या माणसाला ते इतर पदार्थांतून मिळाले असते. त्या बालकांना दुसरे काहीच दिले जात नव्हते. १९७९ साली अनेक मुलांची वाढ खुंटल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यानंतर १९८० साली, बालान्नात कोणकोणते घटक किती असलेच पाहिजेत हे ठरविणारा कायदा अमेरिकेत करण्यात आला. असे असूनही २००३ साली इस्रायलमध्ये सोयाबीनच्याच एका बालान्नात ब-१ जीवनसत्त्व पुरेसे नसल्यामुळे काही बालके दगावली आणि काहींना जन्माचे अपंगत्व आले. कोंड्याबरोबर फेकले जाणारे, जावातील कोंबड्यांना बरे करणारे जीवनसत्त्व ते हेच! त्याचा शोध लागून कितीतरी वर्षे लोटली होती. यादी पूर्ण होती. ती पाळण्यात चूक झाली होती.

मग पर्यायी अन्न हे त्याज्य समजावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळात हाडांचा सापळा झालेल्या मुलाला नेहमीचे जेवण पचत नाही. त्याला मोजून-मापून तयार केलेले अन्नच द्यावे लागते. पूर्वी याकरिता दुधाच्या भुकटीचे खास मिश्रण स्वच्छ पाण्यात कालवून रुग्णालयात पाजीत. परंतु जेथे दुष्काळ आहे तेथे स्वच्छ पाणी कोठून आणावे? आणि घरी इतर मुले असताना आईने आठवडेच्या आठवडे रुग्णालयात कसे राहावे? १९९६ साली फ्रान्समधील बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ आणि उद्योजक मिशेल लेस्कान यांनी यावर एक सुटसुटीत उपाय काढला. शेंगदाण्याचे लगदाळ कूट, दुधाची भुकटी, साखर, तेल, क्षार आणि जीवनसत्त्वे एकत्र घोटून त्यांनी एक खाद्य तयार केले. त्याची ९२ ग्रॅमची पुडी सुमारे ५०० उष्मांक देते. त्यात पाणी मिसळावे लागत नाही, म्हणून ते लवकर नासत नाही. ते शिजवावे लागत नाही. आई आपल्या झोपडीत मुलाला ते चाटवू शकते. २००५ साली आफ्रिकेतील नायजर देशात अन्नटंचाई झाली, तेव्हा प्रामुख्याने याच खाद्याच्या बळावर हजारो मुलांवर त्यांच्या घरीच उपचार झाले. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या उपचारपद्धतीला मान्यता दिली.

या खाद्याविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते मुलाला काही आठवडेच द्यावयाचे असते. मूल सावरले की त्याने घरच्या अन्नाकडे वळावे, हाच त्याचा हेतू असतो. नदी उतरून जाण्यास नाव लागते. पैलतीर आल्यावर नावेतच कोणी घर करीत नाही. भारतातही या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. म्हैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग व हरभऱ्याचे पीठ एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वे व खनिजे मिसळून एक स्वस्त ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले होते. तथापि ते जेवणाऐवजी खावयाचे नव्हते. नेहमीच्या पदार्थांत मिसळून त्यातील उणीव भरून काढावयाची होती. पूरक अन्न आणि पर्यायी अन्न यांतील हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

अलीकडे या शोधाला एक नवे वळण लागले आहे. ज्यांना काही रोग नाही आणि ज्यांच्या घरी अन्नाचा तुटवडाही नाही, अशी माणसे केवळ वेळ आणि श्रम वाचविण्यासाठी जेवण सोडू पाहत आहेत. २०१३ साली अमेरिकेतील रॉब राइनहार्ट या तरुण अभियंत्याने शरीराला लागणाऱ्या द्रव्यांची यादी केली, ती बाहेरून मागविली, पाण्यात कालविली आणि महिनाभर मुख्यतः त्या पेयावर राहण्याचा प्रयोग केला. पहिल्याच दिवसांत त्याचे हृदय धडधडू लागले; शोध घेता मिश्रणात लोह घालावयाचे राहिल्याचे त्याला आढळले, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. त्याने चूक दुरुस्त केली आणि पुढल्या वर्षी ‘सॉयलेंट’ या नावाने ते पेय बाजारात आणले. त्यानंतर अशी चूर्णे आणि पेये अनेक देशांत विकली जाऊ लागली. कामाच्या घाईत उपाशी राहण्यापेक्षा किंवा नुसत्या तळलेल्या खाण्यावर वेळ मारून नेण्यापेक्षा असे पेय बरे, हे मान्य करावयास हवे. मात्र ‘संपूर्ण अन्न’ हे शब्द पुडीवर वाचले म्हणजे एवढे ओळखावे की, ‘आजपर्यंत जेवढे कळले आहे तेवढ्यापुरते संपूर्ण’ असा त्यांचा अर्थ आहे.

याचा अर्थ असाही नव्हे की घरचे ताट म्हटले की ते निर्दोषच असते. जावातील रोग्यांना झालेला विकार प्रयोगशाळेतील मिश्रणाने झालेला नव्हता. रोजचे जेवण म्हणजे बहुतांशी पांढरा भात, याच कारणाने तो झाला होता. एकाच अन्नावर राहण्याचा धोका ते अन्न कारखान्यात झाले काय किंवा शेतात पिकले काय, सारखाच असतो. निसर्गानेही एकच अन्न पुरावे अशी मुदत फार थोडी ठेविली आहे : मूल पहिले सहा महिने आईच्या दुधावर वाढते; पुढे त्याला इतर अन्न द्यावेच लागते.

येथेच साध्या जेवणाचे रहस्य उलगडते. ज्वारीच्या भाकरीत लायसिन नावाचे प्रथिनद्रव्य कमी असते, ते डाळीच्या आमटीतून मिळते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते भाकरी पुरविते. पालेभाजीतील लोह शरीरात मुरण्यास लिंबाची फोड साहाय्य करते. ताकातून चुना मिळतो, शेंगदाण्याच्या चटणीतून स्निग्धांश मिळतो. हे सारे ज्या गृहिणींनी पिढ्यान् पिढ्या एका ताटात मांडले, त्यांना या द्रव्यांची नावे ठाऊक नव्हती. एका पदार्थातील उणीव दुसऱ्याने भरून काढली, आजची उणीव उद्याच्या भाजीने भागविली. विविधता हीच त्यांची यादी होती; आणि ज्या गोष्टी शास्त्राला अद्याप उमगलेल्या नाहीत, त्यांनाही त्या यादीत आपोआप जागा मिळत होती.

पूर्णान्नाचा शोध दीडशे वर्षे चालू आहे आणि तो व्यर्थ गेलेला नाही. त्याने जीवनसत्त्वे दाखवून दिली, रोग्यांना जगविले, दुष्काळातील मुलांना मरणाच्या दारातून परत आणिले. ज्याला जेवता येत नाही किंवा ज्याच्यापुढे जेवण नाही, त्याच्यासाठी शास्त्राने केलेले अन्न हे मोठे वरदान आहे. ज्याच्यापुढे भाकरी, आमटी, भाजी आणि ताक आहे, त्याने ते ताट दूर सारण्यापूर्वी पॅरिसच्या वेढ्यातील ते पांढरे पेय आठवावे. तेही दुधासारखेच दिसत होते.

अभ्यास

१. बेर्तेलो यांनी १८९४ साली कोणते भाकीत केले? त्यापैकी कोणता भाग कोठे खरा ठरला?

२. लुनिनच्या प्रयोगातील दोन्ही अन्ने ‘कागदावर सारखी’ होती, असे का म्हटले आहे?

३. ‘रोगाचे कारण अन्नात असलेल्या वस्तूत नसून, त्यात नसलेल्या वस्तूत आहे.’ कोंबड्यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. १९७९ आणि २००३ सालच्या दोन घटनांतील साम्य व भेद सांगा.

५. पूरक अन्न आणि पर्यायी अन्न यांतील भेद पाठातील उदाहरणे देऊन लिहा.

६. नावेचा दृष्टान्त कशासाठी दिला आहे, ते थोडक्यात सांगा.

७. आपल्या घरी आठवडाभर केल्या जाणाऱ्या जेवणातील पदार्थांची नोंद करा. एका पदार्थातील उणीव दुसरा पदार्थ कशी भरून काढतो, याविषयी दहा ओळी लिहा.